शब्द दिलेली मेमरी आणि हाती असलेली मेमरी : लिनक्स कर्नलमधील आभासी स्मृतीच्या मर्यादांची चिकित्सा

प्रस्तावना

ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला आभासी स्मृतीची, म्हणजेच व्हर्च्युअल मेमरीची, ओळख बहुधा पानबदलाच्या गणितांतून होते. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ अशी पानांची मागणी द्यायची; तीन चौकटी असताना ‘आधी आलेले आधी बाहेर’ या पद्धतीने नऊ वेळा पान आणावे लागते आणि चौकटी चार केल्या तर उलट दहा वेळा आणावे लागते, हे विद्यार्थ्याकडून काढून घ्यायचे आणि बेलाडीची विसंगती म्हणून त्याला गुण द्यायचे, ही पद्धत वर्गांत रूढ आहे. या गणितांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि, त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. प्रोसेसला जी पाने देऊ केली आहेत ती कोठे ना कोठे, मुख्य मेमरीत किंवा डिस्कवर, अस्तित्वात आहेत, असे ते गृहीतक होय. प्रत्यक्षात आजच्या लिनक्स कर्नलबाबत हे गृहीतक खरे नाही. कर्नल मूळ स्थितीत जेवढी मेमरी यंत्रात आहे त्याहून अधिक मेमरीचा शब्द देतो आणि तो पाळता आला नाही तर एखादी चालती प्रोसेस मारून स्वतःची सुटका करून घेतो.

किती शब्द द्यावा, तो कोणाला द्यावा आणि तो पाळता न आल्यास हानी कोणी सोसावी, हे ठरवणाऱ्या मोजक्या सेटिंग्ज कर्नलमध्ये आहेत. त्यांच्याकडे सामान्यतः प्रशासकाच्या सोयीचे आकडे म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या मर्यादांकडे जबाबदारीच्या वाटपाची रचना म्हणून पाहिले आहे आणि त्या रचनेतील एक मूलभूत उणीव दाखवण्याचा प्रयत्न केला आहे. ती उणीव अशी, की मेमरीच्या वापरावरची मर्यादा गेल्या दोन दशकांत गटागटाने वेगळी ठरवता येऊ लागली. मेमरीच्या शब्दावरची मर्यादा मात्र अजूनही संपूर्ण यंत्रासाठी एकच आहे.

पार्श्वभूमी

मँचेस्टर विद्यापीठातील अ‍ॅटलस संगणक १९६२ मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सोळा हजार शब्दांची चुंबकीय गाभ्यांची मेमरी आणि शहाण्णव हजार शब्दांचा ड्रम होता. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोहोंचा मिळून एकच सलग साठा असल्याचा भास प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी निर्माण केला. आभास होता तो मेमरीच्या वेगाविषयी. साठ्याच्या अस्तित्वाविषयी तो नव्हता, कारण वापरकर्त्याचे प्रत्येक पान गाभ्यात किंवा ड्रमवर असावेच लागे. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये कार्यसंचाची संकल्पना मांडली आणि सारा वेळ पानांच्या ने-आणीतच खर्ची पडण्याच्या अवस्थेचे, थ्रॅशिंगचे, विवेचन केले, तेव्हाही प्रश्न पाने कोठे आहेत हा होता. पाने आहेत की नाहीत हा नव्हता.

युनिक्सच्या परंपरेत हे बदलण्याचे बीज फोर्क या आवाहनात आहे. नवी प्रोसेस जन्माला घालायची तर जुनीची हुबेहूब प्रत काढायची, ही युनिक्सची रीत. प्रत काढून लगेच तिच्या जागी दुसरा प्रोग्राम चढवायचा असल्याने बहुतेक वेळा ती सारी नक्कल वाया जाते. १९७९ च्या तिसऱ्या बीएसडी आवृत्तीत व्हॅक्स यंत्रासाठी आभासी स्मृती आली, त्याच वेळी ही नक्कल टाळणारे व्हीफोर्क हे आवाहनही आले, ही गोष्ट बोलकी आहे. पुढे ‘लिहिताना नक्कल’, म्हणजे कॉपी-ऑन-राइट, हे तंत्र रूढ झाले. त्यात दोन्ही प्रोसेस तीच पाने सामाईक वापरतात आणि कोणी एखाद्या पानावर लिहिले तरच त्या पानाची वेगळी प्रत निघते. येथे हिशेबाचा पेच उभा राहतो. दहा गिगाबाइटच्या प्रोसेसने फोर्क केले तर कर्नलने दहाचा शब्द दिला असे मानायचे की वीसचा? नियमाने उत्तर वीस आहे. व्यवहारात बहुधा दहाहून थोडेसेच अधिक लागते.

सोलारिस आणि विंडोज यांनी नियमाची बाजू घेतली. विंडोजमध्ये पत्ते राखून ठेवणे आणि मेमरी पक्की करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पक्की केलेल्या मेमरीची एकूण बेरीज मुख्य मेमरी आणि पेजफाइल यांच्या बेरजेपलीकडे जाऊ दिली जात नाही आणि मर्यादा आली की मागणी त्याच क्षणी नाकारली जाते. लिनक्सने व्यवहाराची बाजू घेतली.

तीन पर्याय आणि त्यांतील एक सावत्र

लिनक्समध्ये शब्द देण्याचे धोरण ओव्हरकमिट मेमरी या सेटिंगने ठरते. मूल्य शून्य असता कर्नल अंदाजाने वागतो आणि उघडउघड अवाजवी मागणीच तेवढी नाकारतो. मूल्य एक असता तो काहीही नाकारत नाही. मूल्य दोन असता तो हिशेब ठेवतो आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे शब्द देत नाही. मूळ मूल्य शून्य आहे. हा ‘अंदाज’ पूर्वी मोकळी पाने, फाइलींचा साठा इत्यादी घटक जमेस धरी. २०१९ मध्ये तो सोपा करण्यात आला आणि एकच मागणी एकूण मेमरी व स्वॅप यांच्या बेरजेहून मोठी असेल तरच ती नाकारली जाऊ लागली. म्हणजे सोळा गिगाबाइटच्या, स्वॅप नसलेल्या यंत्रावर वीस गिगाबाइटची एक मागणी नाकारली जाईल. दहा-दहा गिगाबाइटच्या पाच मागण्या मात्र बिनदिक्कत मान्य होतील. याला अंदाज म्हणणे हे शब्दाचे औदार्यच होय.

पंगतीचे उदाहरण घेतले तर या तीन पर्यायांचा अर्थ मराठी वाचकाला चटकन उलगडेल. हजार आमंत्रणे धाडायची आणि सहाशे पाने मांडायची, हा लग्नघरातला जुना अनुभवसिद्ध व्यवहार आहे आणि तो बहुधा निभावतो. न निभावला तर उशिरा आलेल्याला थांबावे लागते किंवा पुन्हा चूल पेटवावी लागते. जेवत्या माणसाला पानावरून उठवण्याची रीत मात्र कोठल्याही घरात नाही. लिनक्समध्ये ती आहे.

तिचे नाव आउट ऑफ मेमरी किलर. मुख्य मेमरी आणि स्वॅप दोन्ही संपले आणि काहीही परत मिळवता आले नाही, की कर्नल प्रत्येक प्रोसेसला गुण देतो आणि सर्वाधिक गुण मिळवणारीला मारतो. २०१० मध्ये, २.६.३६ या आवृत्तीत, ही गुणपद्धती नव्याने लिहिली गेली. प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली पाने, स्वॅपमधील पाने आणि पानतक्त्यांची जागा यांची बेरीज हा तिचा पाया आहे. प्रशासकाला उणे हजार ते अधिक हजार या पट्ट्यात त्यात फेरफार करता येतो आणि उणे हजार दिले तर प्रोसेसला अभय मिळते. पद्धत पूर्वीपेक्षा सुबोध झाली, हे मान्य केले पाहिजे. पण ती अपराधी शोधत नाही, मोठा शोधते. शेवटचे पान मागणारी प्रोसेस एक, तिच्यामुळे मरणारी दुसरी, असे सहज घडते; आणि सर्व्हरवर सर्वांत मोठी प्रोसेस बहुधा तीच असते जिच्यासाठी तो सर्व्हर उभा केलेला असतो. अँड्रीज ब्रॉवर यांनी २००४ मध्ये या व्यवस्थेवर एक रूपककथा लिहिली होती. कमी इंधन घेऊन विमाने उडवणारी एक कंपनी इंधन संपू लागले की कोणत्या प्रवाशाला बाहेर फेकावे याचे अधिकाधिक शास्त्रशुद्ध निकष शोधत राहते, असा तिचा आशय आहे. विनोद म्हणून ती आजही सांगितली जाते. मात्र टीका म्हणून तिचे उत्तर दिले गेलेले नाही. निकष तेवढे सुधारले.

मग प्रशासकाने मूल्य दोन का निवडू नये? हा पर्याय २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ मालिकेपासून उपलब्ध आहे. त्यातील मर्यादा अशी काढली जाते : स्वॅपची संपूर्ण जागा, अधिक मुख्य मेमरीचा ठरावीक टक्का. हा टक्का मूळ स्थितीत ५० आहे. येथेच या पर्यायाच्या सावत्रपणाची सुरुवात होते. ५१२ मेगाबाइट मेमरी आणि तिच्या दुप्पट स्वॅप ठेवण्याची प्रथा असताना या सूत्राने १२८० मेगाबाइटची मर्यादा येई, आणि ती पुरेशी सैल होती. आज सोळा गिगाबाइट मेमरीच्या आणि स्वॅप नसलेल्या यंत्रावर तेच सूत्र आठ गिगाबाइटची मर्यादा घालते. उरलेली आठ गिगाबाइट अगदीच वाया जात नाहीत, फाइलींच्या साठ्यासाठी आणि खुद्द कर्नलसाठी ती वापरली जातात. परंतु प्रोग्रामांना त्यांचा शब्द मिळत नाही. प्रशासक मोठ्या विश्वासाने मूल्य दोन करतो, अर्धी मेमरी मोकळी दिसत असताना प्रोग्राम ‘मेमरी नाही’ म्हणून बंद पडतात, आणि तो घाईने मूल्य शून्य करून टाकतो. शब्द पाळणारा पर्याय अव्यवहार्य आहे, हा समज अशा अनुभवांतून दृढ होत असेल तर नवल नाही. वास्तविक दोष पर्यायाचा कमी आणि त्याच्यासोबत ठेवलेल्या जुन्या आकड्याचा अधिक आहे. २०१४ मध्ये, ३.१४ या आवृत्तीत, टक्क्याऐवजी थेट किलोबाइटमध्ये मर्यादा देण्याची सोय आली. ५० हा आकडा मात्र जागेवरच राहिला.

दोन डेटाबेस, दोन सल्ले

या धोरणात पणाला काय लागते हे पाहण्यासाठी दोन सुप्रसिद्ध डेटाबेसांचे अधिकृत सल्ले शेजारी ठेवणे उद्बोधक ठरते. पोस्टग्रेसचे मार्गदर्शन प्रशासकाला मूल्य दोन करण्यास सुचवते. रेडिसचे मार्गदर्शन मूल्य एक करण्यास सांगते. दोन्ही सल्ले जाणत्यांचे आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रोसेस असते आणि या सर्व प्रोसेस एक सामाईक मेमरी वापरतात. त्यांपैकी एखादी प्रोसेस कर्नलने मध्येच मारली तर सामाईक मेमरी अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत राहिली असण्याची शक्यता असते. म्हणून मुख्य प्रोसेस खबरदारी घेऊन बाकीच्या सर्व जोडण्या तोडते आणि नोंदवहीवरून पूर्वस्थिती आणण्याचे काम सुरू करते. एका अहवालासाठी कोणी तरी अवाढव्य क्वेरी चालवावी आणि त्यापायी शुल्क भरणाऱ्या, अर्ज करणाऱ्या, निकाल पाहणाऱ्या सर्वांच्या जोडण्या एकाच क्षणी तुटाव्यात, असा हा प्रकार आहे. मूल्य दोन असते तर त्या अवाढव्य क्वेरीची मागणी नाकारली गेली असती, पोस्टग्रेसने तेवढा एक व्यवहार मागे घेतला असता आणि बाकीच्यांना काही कळलेही नसते. नकार योग्य क्षणी मिळाला तर तो हाताळता येतो. मॅलॉक हे आवाहन जागा नसल्यास रिकामा पत्ता परत करते, ही सी भाषेच्या पहिल्या धड्यातील गोष्ट याचसाठी आहे. ओव्हरकमिटमुळे हा धडा निरर्थक होतो. मागताना होकार येतो आणि अपयश पुढे केव्हा तरी येते. पानावर पहिले अक्षर लिहिताना, जेथे कोणतेही उत्तर तपासण्याची सोय भाषेत नाही, तेथे ते येते.

रेडिसची गोष्ट उलट आहे. तो सर्व माहिती मेमरीत ठेवतो आणि डिस्कवर प्रत उतरवायची झाली की फोर्क करून ते काम नव्या प्रोसेसवर सोपवतो. सोळा गिगाबाइटच्या यंत्रावर दहा गिगाबाइटची माहिती असेल तर मूल्य दोन असताना हिशेब वीस गिगाबाइटचा होतो आणि फोर्क नाकारले जाते. प्रत उतरत नाही. आणि प्रत उतरत नसल्याचे लक्षात आल्यावर रेडिस मूळ सेटिंगनुसार नवी माहिती लिहून घेणेच थांबवतो. म्हणजे प्रत्यक्षात पुरेशी मेमरी असताना केवळ हिशेबाच्या काटेकोरपणामुळे सेवा ठप्प होते.

आता हे दोन्ही डेटाबेस एकाच यंत्रावर असतील तर? छोट्या संस्थांच्या सर्व्हरवर असे सर्रास असते. ओव्हरकमिट मेमरी हे सेटिंग यंत्रभर एकच आहे. एकासाठी दोन आणि दुसऱ्यासाठी एक असे ते ठेवता येत नाही. एकाचा सल्ला मानणे म्हणजे दुसऱ्याचा मोडणे. स्वॅप वाढवून किंवा अभयदानाचे गुण देऊन वाट काढता येते, अनेक जण काढतातही. पण ही वाट रचनेने दिलेली नाही, तिला वळसा घालून शोधलेली आहे.

शब्द न देण्याचे नियम सैल करण्याची विनंती प्रोग्रामला स्वतःला करता यावी म्हणून एम-मॅप या आवाहनात ‘राखीव ठेवू नये’ असा एक संकेत आहे. ‘मला एवढे पत्ते हवेत, सर्वांमागे मेमरी उभी करण्याची हमी नको’, असे प्रामाणिकपणे सांगण्याची ती जागा. सोलारिस तो संकेत मानतो. लिनक्समध्ये मूल्य दोन असताना, म्हणजे नेमका जेव्हा हिशेब काटेकोर असतो तेव्हाच, तो दुर्लक्षिला जातो. पत्ते कोणत्याही परवानगीविना घ्यायचे आणि लागेल तशी लिहिण्याची परवानगी मागायची, हा मार्ग मात्र उघडा आहे, आणि त्याने विंडोजसारखी द्विस्तरीय शिस्त पाळता येते. सवय मात्र सार्वत्रिक नाही.

काटेकोरपणाची दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनावरून मूल्य दोन सर्वत्र लागू करावे असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. नकारही नेहमी न्यायाने वाटला जात नाही. एका प्रोसेसने मर्यादेपर्यंतचा सारा शब्द घेऊन ठेवला असेल तर नकार तिला मिळत नाही. तो पुढच्या मागणाऱ्याला मिळतो. पुढचा मागणारा हा बिघाड दुरुस्त करण्यासाठी लॉगिन करू पाहणारा प्रशासकच असू शकतो. २०१३ च्या ३.१० आवृत्तीत प्रशासकासाठी थोडी मेमरी राखून ठेवण्याचे सेटिंग आणावे लागले, ते या अडचणीपोटीच. शिवाय नकार मिळाल्यावर सावरून घेणारे प्रोग्राम किती? जीलिब या बहुप्रचलित लायब्ररीचे नेहमीचे मेमरी मागणारे फंक्शन नकार मिळताच सरळ प्रोग्राम संपवते. तेव्हा अशा प्रोग्रामांच्या बाबतीत कर्नलने मारणे आणि प्रोग्रामने स्वतः मरणे यांत फरक एवढाच, की दुसऱ्या प्रकारात निदान मागणाराच मरतो. हा फरक क्षुल्लक मानू नये. परंतु तो ओव्हरकमिटच्या टीकाकारांना वाटतो तेवढा मोठाही नाही.

प्रोसेसगणिक मर्यादांचा मार्ग जुना आहे आणि तोच सर्वांत निराशाजनक आहे. यूलिमिट या शेल-आज्ञेने प्रोसेसच्या पत्त्यांच्या एकूण विस्तारावर बंधन घालता येते. पण पत्त्यांचा विस्तार आणि मेमरीचा वापर यांचे नाते ६४ बिटांच्या यंत्रांवर जवळजवळ तुटले आहे. मेमरीतील चुका शोधणारे अ‍ॅड्रेस-सॅनिटायझर हे साधन सोळा टेराबाइटांहून अधिक पत्ते घेते. हॅस्केल भाषेची आधुनिक प्रणाली सुरुवातीलाच एक टेराबाइट पत्ते राखून ठेवते. त्यांना पत्त्यांची मर्यादा लावणे म्हणजे घराच्या सातबाऱ्यावरून स्वयंपाकघरातील धान्य मोजणे होय. त्यात ही मर्यादा प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र लागते. शंभर अपत्य-प्रोसेस निर्माण केल्या तर शंभरपट मोकळीक. प्रत्यक्ष व्यापलेल्या पानांवर बंधन घालणारे दुसरे एक सेटिंग आहे. ते शेल स्वीकारते, विचारल्यास परत दाखवतेही, पण २.४ मालिकेच्या उत्तरार्धापासून कर्नल त्यावर काहीच करत नाही. जी मर्यादा घेतली जाते, नोंदली जाते आणि पाळली जात नाही, तिच्यापेक्षा मर्यादा नसलेली बरी. निदान प्रशासकाची दिशाभूल होत नाही.

गटांची मर्यादा

या कोंडीतून मार्ग निघाला तो सीग्रुप या यंत्रणेमुळे. पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी गूगलमध्ये २००६ मध्ये सुरू केलेले हे काम २००८ च्या जानेवारीत २.६.२४ या आवृत्तीतून मुख्य कर्नलमध्ये आले. मेमरीचा नियंत्रक, ज्यात बलबीर सिंग यांचे काम मोलाचे आहे, त्याच वर्षी २.६.२५ मध्ये समाविष्ट झाला. आता प्रोसेसांचा गट करून त्या सर्वांच्या मिळून प्रत्यक्ष वापरावर मर्यादा घालता येऊ लागली. मर्यादा ओलांडणाऱ्या गटातच मारामारी होते, शेजारचा गट सुरक्षित राहतो. आज कंटेनर या नावाने जे काही चालते त्याचा हा एक आधारस्तंभ आहे, आणि या यंत्रणेने जबाबदारीचे वाटप पूर्वीपेक्षा पुष्कळ न्याय्य केले यात शंका नाही.

तरी तिचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. ही मर्यादा वापरावर आहे. शब्दावर नाही. गटाची मर्यादा दोन गिगाबाइट असली तरी त्यातील प्रोग्रामने दहा मागितले तर दहाचा होकार मिळतो; दोनच्या पलीकडे लिहू लागला की तो मारला जातो. जावाच्या वापरकर्त्यांनी याचा अनुभव बराच काळ घेतला. जावाचे यंत्र आपल्या हीपची कमाल मर्यादा, काही सांगितले नसल्यास, मेमरीच्या एक चतुर्थांशावरून ठरवते. कंटेनरच्या आतून पाहिले तरी मेमरीची माहिती देणारी नेहमीची फाइल संपूर्ण यंत्राचा आकडा सांगते. म्हणून चौसष्ट गिगाबाइटच्या यंत्रावरील दोन गिगाबाइटच्या कंटेनरात जावा सोळा गिगाबाइटचा संसार मांडू पाहत असे आणि १३७ हा निर्गमनाचा आकडा मागे ठेवून नाहीसे होत असे. २०१८ मध्ये जावाच्या दहाव्या आवृत्तीत आणि त्याच वर्षी आठव्याच्या १९१ व्या सुधारणेत सीग्रुपची मर्यादा वाचण्याची सोय आली. दुरुस्ती जावाने केली. कर्नलने त्या प्रोग्रामला ‘नाही’ म्हटले असते तर प्रश्न पहिल्याच दिवशी, मागणीच्याच ठिकाणी, उघड झाला असता.

गटागटाने शब्दाचाच हिशेब ठेवावा, ही कल्पना कोणाला सुचली नव्हती असे नाही. गटाच्या पत्त्यांच्या एकूण विस्तारावर मर्यादा घालणारा एक नियंत्रक बलबीर सिंग यांनीच २००८ मध्ये मांडला होता. मुख्य कर्नलमध्ये तो समाविष्ट झाला नाही. पत्त्यांचा विस्तार हे माप सदोष आहे, हे वर आलेच आहे, आणि त्या अर्थाने त्याचे न येणे समजण्यासारखे आहे. परंतु मूल्य दोनचा हिशेब पत्त्यांचा नसून लिहिण्याजोग्या खाजगी मेमरीचा आहे, म्हणजे बराच नेमका आहे. तो हिशेब गटाच्या पातळीवर नेता आला असता तर पोस्टग्रेसचा गट काटेकोर आणि रेडिसचा गट सैल, असे एकाच यंत्रावर करणे शक्य झाले असते. कर्नलचा वेग आणि गुंतागुंत यांची किंमत त्यासाठी मोजावी लागेल, हे खरे. मात्र वापराच्या हिशेबासाठी ती किंमत आनंदाने मोजली गेली आहे.

त्याऐवजी विकास दुसऱ्या दिशेने झाला. २०१६ मध्ये ४.५ या आवृत्तीत अधिकृत झालेल्या सीग्रुपच्या दुसऱ्या पिढीत कमाल मर्यादेच्या अलीकडे एक ‘उच्च’ मर्यादा ठेवता येते. ती ओलांडणाऱ्या गटाला मारले जात नाही, त्याची पाने परत घेतली जातात आणि त्याचा वेग कमी केला जातो. २०१८ मध्ये आलेल्या ४.१९ मध्ये संपूर्ण गट एकत्र संपवण्याची सोय झाली, जेणेकरून अर्धा मेलेला गट मागे राहू नये. त्याच वर्षाच्या अखेरीस ४.२० मध्ये मेमरीसाठी प्रोसेस किती वेळ खोळंबल्या याचे मोजमाप, दाबाची माहिती म्हणून, मिळू लागले. डेनिंग यांनी ज्या अवस्थेचे वर्णन केले ती अवस्था साधारण अर्धशतकानंतर एका फाइलीतील आकड्याच्या रूपाने प्रशासकाला वाचता आली. याच मोजमापाच्या आधारे कर्नलच्या आधीच, वापरकर्त्याच्या बाजूने, निर्णय घेणारी सिस्टीमडी-ओओएमडी ही सेवा २०२० मध्ये आली आणि २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये ती मूळ स्थितीत सुरू ठेवण्यात आली. या सर्व सुधारणा स्वागतार्ह आहेत. त्या मारण्याची वेळ, मारण्याची पद्धत आणि मारण्याचा निकष सुधारतात. ब्रॉवर यांच्या विमानात प्रवासी आता आधी सूचना देऊन, कुटुंबासह उतरवले जातात, एवढा बदल झाला आहे.

आणि हीच प्रवृत्ती एक मजला वर पुन्हा दिसते. कुबरनेटिस या प्रणालीत प्रत्येक कंटेनरसाठी मागणी आणि मर्यादा असे दोन आकडे देता येतात. कोणते काम कोणत्या यंत्रावर ठेवायचे हे मागणीच्या बेरजेवरून ठरते; मर्यादांची बेरीज यंत्राच्या मेमरीपेक्षा अधिक झाली तरी चालते. सर्वांनी एकाच वेळी आपापल्या मर्यादेपर्यंत जायचे ठरवले तर कोणाला तरी बाहेर काढले जाते. म्हणजे प्रोसेस आणि कर्नल यांच्यातील व्यवहार समूह आणि यंत्र यांच्यात जसाच्या तसा उतरला आहे. फरक एक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. येथे मागणी आणि मर्यादा हे दोन्ही आकडे लेखी असतात, काम सोपवणाराच ते लिहितो आणि आपण कोणती जोखीम घेत आहोत हे त्याला वाचता येते.

वर्गातील एक शक्यता

लिनक्स असलेल्या कोणत्याही प्रयोगशाळेत यंत्रावरची मेमइन्फो ही फाइल उघडली तर तिच्यात कमिट-लिमिट आणि कमिटेड-एएस अशा दोन ओळी दिसतात. पहिली मर्यादा सांगते, दुसरी आजवर दिलेला शब्द. ब्राउझरच्या काही खिडक्या उघडल्या की दुसरा आकडा पहिल्याच्या पुढे सहज जातो आणि यंत्र तरीही सुरळीत चालत राहते, कारण मूल्य शून्य असताना पहिला आकडा फक्त छापला जातो, पाळला जात नाही. विद्यार्थ्यांना चार गिगाबाइट मागणारा आणि एकाही पानावर न लिहिणारा दहा ओळींचा सी प्रोग्राम लिहायला सांगावा, तो मूल्य शून्य आणि दोन अशा दोन्ही स्थितींत चालवायला सांगावा, आणि नंतर त्यातच पानागणिक एक अक्षर लिहिणारा लूप घालायला सांगावा. हा शेवटचा प्रयोग मात्र कंटेनरात किंवा वेगळ्या आभासी यंत्रावर करावा, अन्यथा शेजारच्या विद्यार्थ्याचे न साठवलेले जर्नल त्यात जाऊ शकते.